पूर्वजांची हकीकत आणि खोटी साक्ष

शास्त्रभाग : अनुवाद २६:१-११, १ राजे २१, मत्तय १:१-१७



पवित्र शास्त्राचे नेमाने वाचन करणारे भाविकदेखील वंशावळीचा अध्याय आला की दोन-तीन पाने उलटून पुढे जातात. संत पौलाने तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नये अशी सूचना केली आहे, तिचा आधारही आपण सोयीने घेतो. परंतु ज्या नव्या करारात ही सूचना आहे, त्याचे पहिलेच पान वंशावळीने उघडते. मत्तयाला आपल्या प्रभूची कथा सांगायची आहे, आणि ती तो बेचाळीस पिढ्यांची नावे घेऊन सांगू लागतो. मग पौलाने ज्या वंशावळींना निरर्थक म्हटले त्या कोणत्या, आणि मत्तयाने जी लिहिली ती कोणत्या प्रकारची?

या प्रश्नाचा विचार एका शेतकरी कुटुंबाच्या हकीकतीच्या आधाराने करू या. कुटुंब मूळचे जर्मन, पुढे अमेरिकन झालेले. आयसेनहॉवर हे त्याचे नाव. या घराण्यातील एक पुत्र दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपातील दोस्त सैन्याचा सरसेनापती झाला व १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्याच्यामुळेच या घराण्याचे दप्तर इतके कसून तपासले गेले. आपल्याला मात्र त्या थोर पुत्रापेक्षा त्याच्या मागच्या माणसांत अधिक रस आहे.

आजच्या जर्मनीच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सीमेलगत सारलँड नावाचा प्रदेश आहे. तेथील कार्ल्सब्रुन या खेड्यातून हान्स निकोलस आयसेनहॉअर नावाचा गृहस्थ १७४१ साली मुलाबाळांसह निघाला आणि समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात पोहोचला. या आडनावाचा अर्थ लोखंड फोडणारा, ठोकणारा असा काहीसा होतो. तीस वर्षांच्या युद्धाने आणि त्यानंतरच्या फ्रेंच स्वाऱ्यांनी ऱ्हाइनच्या आसपासचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या उजाड केला होता. राजा बदलला की कर वाढे, आणि बापाची जमीन मुलांत वाटली जाता जाता तिच्या चिंधड्या होत. अशा परिस्थितीत हजारो कुटुंबे त्या काळी अमेरिकेच्या वाटेला लागली. ज्यांच्याजवळ जहाजाचे भाडे नसे, ते पुढील काही वर्षांची आपली मजुरी विकून ते भाडे फेडीत.

या लोकांचा माग आज कसा लागतो, हेही पाहण्यासारखे आहे. १७२७ पासून फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे व त्यांच्या नावांच्या याद्या केल्या जात. इंग्रज कारकून कानावर पडेल तसे नाव लिही. एकच नाव चार दप्तरांत चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते, ते त्यामुळे. आयसेनहॉअरचे आयसेनहॉवर झाले ते अशाच वाटेने. या याद्या, चर्चमधील बाप्तिस्म्याची वही, जमिनीचे खरेदीखत, थडग्यावरची अक्षरे आणि घरातील मोठ्या बायबलच्या कोऱ्या पानांवर बापाने लिहून ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा, एवढ्याच धाग्यांनी दोन-अडीचशे वर्षांचे वस्त्र विणावे लागते. आणि धागा किती सहज तुटतो ते पाहा. अध्यक्ष झालेल्या त्या पुत्राने, ड्वाइट आयसेनहॉवरने, १९११ साली लष्करी महाविद्यालयात दाखल होताना आपले जन्मगाव टेक्सासमधील टायलर असे लिहिले. तो जन्मला होता डेनिसन गावी. युद्धकाळात त्या गावच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने चौकशी केली आणि आईने खुलासा केला, तेव्हा ही गोष्ट निश्चित झाली. आपण स्वतः कोठे जन्मलो हे ज्याला नीट ठाऊक नव्हते, त्याच्या पणजोबाविषयी कुटुंबातील आठवणींवर किती भार टाकायचा?

पुढच्या पिढ्यांत हे घराणे ‘रिव्हर ब्रदरन’ नावाच्या एका लहानशा पंथात आले. सस्क्वेहाना नदीच्या काठी १७८० च्या सुमारास उदयास आलेली ही मंडळी साध्या पेहरावाची होती. ती तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देई, शपथ घेत नसे आणि शस्त्र उचलीत नसे. १८६० च्या दशकातील यादवी युद्धात सैन्यभरतीतून आपल्या तरुणांना सूट मिळावी म्हणून या मंडळीने ‘ब्रदरन इन ख्राइस्ट’ हे रीतसर नाव धारण केले. आपल्या देशात बिहारमधील सहरसा व मधेपुरा भागात याच नावाच्या ज्या मंडळ्या आहेत, त्या याच पंथाच्या सेवेतून उभ्या राहिल्या. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस नोकरीनिमित्त गेले असल्यास त्यांना हे नाव परिचित असेल.

ड्वाइटचे आजोबा जेकब हे या मंडळीचे उपदेशक होते. पेनसिल्व्हेनियातील एलिझाबेथव्हिल येथे त्यांची चांगली शेती होती. ते जर्मन भाषेत उपदेश करीत. अमेरिकेत येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली होती, तरी देवाशी आणि मंडळीशी बोलण्याची भाषा बदलली नव्हती. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १८७८ साली, जेकब यांनी ही बसलेली घडी मोडली. जमीन विकली, आणि मंडळीतील इतर कुटुंबांच्या जथ्याबरोबर आगगाडीने कॅन्सस राज्यातील डिकिन्सन परगण्यात मुक्काम हलविला. कारणे साधीच होती. पूर्वेकडे जमिनीला भाव चढला होता, मुले वाढत होती, आणि पश्चिमेकडील जमीन स्वस्त होती. त्या जमिनीच्या जाहिराती रेल्वे कंपन्या मोठ्या हौसेने करीत. त्या काळी १६० एकर हे पश्चिमेकडील शेतीचे जणू परिमाणच झाले होते, कारण १८६२ च्या कायद्याने सरकार वस्ती करणाराला तेवढी जमीन देत असे. जेकब यांनीही आपल्या प्रत्येक अपत्याला विवाहाच्या वेळी १६० एकर जमीन आणि २,००० डॉलर देण्याचे योजिले होते.

आता घरातील हकीकत ऐका. जेकबचा मुलगा डेव्हिड याला नांगराची आवड नव्हती. तो लेकॉम्प्टन येथील लेन विद्यापीठात गेला. तेथे त्याची गाठ आयडा स्टोव्हर हिच्याशी पडली. तीही जर्मन वंशाची, व्हर्जिनियातून आलेली. लहानपणीच तिची आई वारली होती. सहा महिन्यांत १,३६५ वचने तोंडपाठ करणारी ही तेजस्वी मुलगी होती. १८८५ च्या सप्टेंबरात त्यांचा विवाह झाला. डेव्हिडने वडिलांकडून मिळालेली जमीन मेहुण्याकडे गहाण टाकली आणि होप नावाच्या गावी भागीदारीत किराणा-कापडाचे दुकान घातले. १८८८ पर्यंत दुकान बुडाले. डेव्हिड पोटापाण्यासाठी टेक्सासमध्ये रेल्वेच्या कामावर गेला. तेथे १८९० साली ड्वाइट जन्मला. १८९२ साली कुटुंब कॅन्ससमध्ये परतले आणि डेव्हिड अ‍ॅबिलीन येथील, आपल्याच मंडळीच्या लोकांनी चालविलेल्या लोण्याच्या कारखान्यात कामाला लागला. बापाने दिलेली शेतजमीन ती गेलीच. त्याच्या सहा मुलांपैकी एकही शेतकरी झाला नाही. बँकर, वकील, सैनिक, औषधविक्रेता, अभियंता आणि विद्यापीठाचा अध्यक्ष, अशा वाटांनी ते पांगले. सातवा मुलगा तान्हेपणीच घटसर्पाने गेला होता.

दुकान का बुडाले? या प्रश्नाला घरात एक ठरलेले उत्तर होते. भागीदार रोकड व माल घेऊन रातोरात पळाला, आणि भोळ्या, प्रामाणिक डेव्हिडच्या गळ्यात कर्ज पडले. आयडाने त्या भागीदाराला न्यायालयात खेचण्यासाठी कायद्याची पुस्तके वाचावयास घेतली, असेही सांगतात. ही कथा मुलांनी ऐकली, चरित्रकारांनी छापली, आणि अध्यक्षाचे चरित्र जेथे जेथे वाचले गेले तेथे तेथे त्या भागीदाराचे नाव चोर म्हणून गेले. त्याच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.

मग १९९० च्या दशकात एका संशोधकाने त्या परगण्याच्या जुन्या नोंदी आणि स्थानिक वृत्तपत्रे चाळून कॅन्ससच्या इतिहासविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. नोंदींवरून दिसून आले ते असे : दुकान बंद होण्यापूर्वीच भागीदारी रीतसर मोडली होती, भागीदार आपला हिस्सा देऊन बाजूला झाला होता, आणि त्यानंतर डेव्हिडने आपल्या भावाला सोबत घेऊन दुकान चालविले होते. रातोरात पळून जाणारा कोणी नव्हता. व्यवहार जमला नाही, एवढेच झाले होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आयडा सत्यवादी स्त्री होती याबद्दल कोणीही शंका घेतलेली नाही. डेव्हिड कडक शिस्तीचा, ऋणाचा तिटकारा असलेला माणूस होता. त्या घरात दररोज सकाळ-संध्याकाळ पवित्र शास्त्राचे वाचन होई. दहा आज्ञा त्या मुलांना मुखोद्गत होत्या. आणि त्याच घरात, त्याच मेजाभोवती, शेजाऱ्याविरुद्ध एक खोटी साक्ष वर्षानुवर्षे दिली जात होती. कोणी दुष्टाव्याने दिली असे वाटत नाही. अपयशाचे दुःख मोठे असते. वडिलांच्या घामाची जमीन आपल्या हातून गेली हे मुलांना सांगणे कठीण असते. अशा वेळी एक चोर असणे फार सोयीचे पडते. प्रथम कोणीतरी ‘त्याच्यामुळे’ असे म्हणतो. पुढच्या वर्षी त्यात रोकड येते. त्यापुढे रात्र येते. आणि नातवंडांपर्यंत ती कथा इतिहास होऊन पोहोचते. निर्गम २०:१६ मधील आज्ञा आपण न्यायालयातील साक्षीपुरती मानतो. माझ्या मते तिचा भंग न्यायालयात जितका होतो त्याहून अधिक जेवणाच्या पंगतीत होतो.

या कुटुंबाने आणखी एका बाबतीत मौन पाळले. १८९५ च्या सुमारास आयडा ‘बायबल स्टुडंट्स’ या गटाकडे वळली, ज्यातून पुढे ‘यहोवाचे साक्षीदार’ हा पंथ झाला. सभा कित्येक वर्षे त्यांच्याच घरी भरत. त्या पंथाच्या शिकवणीशी आपले मतभेद आहेत व ते मूलभूत आहेत; तो आजचा विषय नाही. पण आईच्या श्रद्धेचा हा भाग मोठे झालेल्या मुलांनी लोकांसमोर फारसा येऊ दिला नाही. सेनापतीची आई युद्धाला पाप मानीत होती. ड्वाइट लष्करी महाविद्यालयाकडे निघाला त्या दिवशी तिने त्याला अडविले नाही. तो गेल्यावर आपल्या आईला आपण प्रथमच रडताना ऐकले, असे धाकट्या मिल्टनने पुढे सांगितले. मला विचाराल तर या घराण्याच्या साऱ्या हकीकतीत हे अश्रू अत्यंत मोलाचे आहेत. विजयाच्या मिरवणुका पुष्कळांच्या चरित्रांत असतात.

आता जमिनीविषयी. येथे प्रश्न अधिक अवघड होतो. पेनसिल्व्हेनियात हान्स निकोलस १७४१ साली उतरला. त्याच्या अवघी चार वर्षे आधी, १७३७ साली, त्याच प्रांतात लेनापी लोकांची विस्तीर्ण भूमी एका कुप्रसिद्ध व्यवहाराने घेण्यात आली होती. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन, असे एका जुन्या कागदाच्या आधारे ठरले. पेन घराण्याच्या कारभाऱ्यांनी त्यासाठी वाट साफ करवून घेतली आणि वेगवान धावपटू नेमले. कॅन्ससमध्ये जेकब १८७८ साली पोहोचले. त्यांच्या परगण्याला लागूनच असलेल्या कौन्सिल ग्रोव्हच्या परिसरातून कॉ लोकांना १८७३ साली दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, हलविण्यात आले होते. याच लोकांना ‘कान्सा’ही म्हणत, आणि राज्याचे नाव त्यांच्याच नावावरून पडले. नाव ठेवून घेतले, माणसे पाठवून दिली. एकदा चार वर्षे आणि एकदा पाच, एवढेच अंतर. आयसेनहॉवरांनी कोणाला हुसकावले नाही. त्यांनी पैसे मोजून जमीन घेतली, ती घाम गाळून कसली, आणि शस्त्र तर ते उचलीतच नव्हते. परंतु जी भूमी आपल्याला ‘मोकळी’ दिसते ती कोणी मोकळी केली, हा प्रश्न त्या जर्मन उपदेशांत कधी विचारला गेला असेल काय?

नाबोथाची कथा आठवा. यिज्रेलातील त्याचा मळा अहाब राजाला हवा होता, आणि पूर्वजांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. ईजबेलीने काय केले? दोन खोटे साक्षीदार उभे केले. शास्त्रात खोटी साक्ष आणि परक्याची भूमी या दोन गोष्टी या अध्यायात एकत्र बांधल्या आहेत. अहाब मळ्यात पाऊल टाकतो तेव्हा त्याला वाटेत एलीया भेटतो. देव त्या मळ्याचा मागचा मालक विसरलेला नसतो.

आणि याच्या उलट अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील तो शेतकरी पाहा. वचनदत्त देशात वस्ती झाली आहे, पहिले पीक हाती आले आहे, आणि तो टोपली घेऊन याजकापुढे उभा आहे. अशा वेळी माणूस सहसा आपल्या कुळाची थोरवी सांगतो. देवाने त्याला काय बोलावयास शिकविले? आपला मूळपुरुष एक भटका अरामी होता, तो मूठभर माणसांनिशी परदेशी गेला, तेथे आपण गुलाम झालो, आणि देवाने बाहेर काढले. हीच त्यांची वंशावळ. त्या अध्यायाच्या अकराव्या वचनात आणखी एक बारीकशी सूचना आहे, ती आपण वाचतो पण ध्यानात घेत नाही : त्या पिकाच्या आनंदात लेव्याने आणि तुमच्यामध्ये राहणाऱ्या परक्यानेही सहभागी व्हावयाचे आहे. आपण भटके होतो हे ज्याने मोठ्याने कबूल केले, त्याला दारातील परक्यासाठी पंगतीत जागा करावीच लागते.

मत्तयाची वंशावळही याच जातीची आहे. तामारेची कथा (उत्पत्ति ३८) कोणत्याही घराने झाकून ठेवली असती. राहाबेचा व्यवसाय, रूथचे मवाबी असणे, यांचीही वाच्यता कोणी केली नसती. आणि दावीदाचा उल्लेख करताना मत्तय बथशेबेचे नाव घेत नाही. तो तिला उरीयाची बायको म्हणतो. ज्याला कपटाने मारले त्या परदेशी सैनिकाचे नाव त्याने आपल्या प्रभूच्या कुळवृत्तान्तात कायमचे कोरून ठेवले. ज्याच्यावर अन्याय झाला तोही यादीत आहे. पौलाने ज्यांचा निषेध केला त्या वंशावळी आणि ही वंशावळ यांतील भेद मला येथे दिसतो. तेथे माणूस आपली उंची मोजतो. येथे देवाची दया मोजली जाते.

तुम्ही-आम्ही मराठी ख्रिस्ती लोकही स्थलांतरितांची लेकरे आहोत. कोणाचे आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणीत गेले, कोणाचे रेल्वेबरोबर जबलपूर-इंदूरला, कोणाचे दिल्लीला. आपल्या बहुतेकांच्या घराण्याचा कागद एखाद्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीपाशी येऊन थांबतो. त्यापलीकडे काय होते ते सांगताना आपण काय सांगतो? सोयरीक जुळविताना ‘आम्ही मूळचे अमुक’ हे वाक्य अजूनही दबक्या आवाजात उच्चारले जाते, आणि ते कशासाठी उच्चारले जाते हे बोलणारा व ऐकणारा दोघेही जाणतात. प्रभूच्या मेजाशी एका प्याल्यातून घेणाऱ्यांनी हे बोलावे! आणि घराच्या वाटणीविषयी, गावच्या जमिनीविषयी, मंडळीतील जुन्या भांडणाविषयी आपल्या घरातही एखादा ठरलेला चोर असतोच. तो काका असेल, आत्याचे यजमान असतील, मिशनच्या काळचा कोणी पाळक असेल. त्याची बाजू आपण कधी ऐकली आहे काय? त्याची मुले कदाचित याच देशातील दुसऱ्या एखाद्या शहरात हाच अंक वाचीत असतील. त्यांना पत्र लिहिता येते. जुने कागद पाहता येतात. मुलांसमोर ‘आम्हाला तसे सांगितले होते, पण ते खरे की नाही हे आम्ही तपासलेले नाही’ एवढे म्हणणे तर आजच शक्य आहे.

आयसेनहॉवर डिसेंबर १९५९ मध्ये भारतात आले. अध्यक्षपदावर असताना या देशास भेट देणारे ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते, आणि आपल्या देशाच्या दालनाच्या उद्घाटनाला ते उभे राहिले. शेत गमावलेल्या बापाचा हा मुलगा, ज्याने स्वतः कधी शेतीवर पोट भरले नाही. १९६९ च्या एप्रिलमध्ये त्यांना अ‍ॅबिलीन येथे बालपणीच्या घराजवळच मूठमाती देण्यात आली, साध्या सैनिकाला देतात तशा शवपेटीत, आणि तीन वर्षांचा असताना गेलेल्या थोरल्या मुलाशेजारी.

आणि कॉ लोकांचे काय झाले? २००० साली त्यांनी कौन्सिल ग्रोव्हजवळची, आपल्याच पूर्वजांच्या वस्तीची काही जमीन पैसे देऊन विकत घेतली. डेव्हिड आणि आयडा जेथे शिकले त्या लेकॉम्प्टनपासून जवळच लॉरेन्स नावाचे शहर आहे. कॉ लोक जिला पवित्र मानीत अशी सुमारे २८ टन वजनाची एक तांबडी शिळा १९२९ साली नदीकाठाहून तेथील उद्यानात आणण्यात आली होती, आणि तिच्यावर शहर वसविणाऱ्या पहिल्या गोऱ्या रहिवाशांच्या नावांचा धातूचा पत्रा बसविण्यात आला होता. २०२१ साली त्या शहराने कॉ लोकांची रीतसर क्षमा मागितली. त्यानंतर तो पत्रा काढण्यात आला, शिळा तेथून हलविली गेली, आणि ती आता कौन्सिल ग्रोव्हजवळ त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर आहे.